म्हशीवरून परत आलेलं उपकेंद्र

“आता जे सांगतो ते तुमच्यातला एक बी माणूस खरं मानणार न्हाई,” असं मी म्हणालो की फाट्यावरच्या हॉटेलात बसलेली माणसं चहाची बशी खाली ठेवतात. त्या दिवशी बी ठेवली.

सांगायला मला हीच जागा आवडते. समोर डांबरी रस्ता, रस्त्यापल्याड आरोग्य उपकेंद्राची नवी पिवळी इमारत, आणि अल्याड चंद्रप्पाचा ऑटो. चंद्रप्पा आमच्याच गावचा. फाट्यापासून गाव नऊ किलोमीटर आत, आणि दहा माणसं भरल्याबिगर ह्याचा ऑटो जागचा हलत न्हाई. तोवर ती माणसं माझ्या तावडीत.

त्या दिवशी पाचच झाली होती. त्यात रेणापूरकडच्या एक लक्ष्मीबाई, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून बसलेल्या. त्यांची लेक गेल्या साली आमच्या गावात दिलेली, तिच्याकडं निघाल्या होत्या.

“तात्या, लांबवू नका,” चंद्रप्पा काच पुसत म्हणाला. “दहावा आला की मी निघणार.”

“तू आधी सहावा तर आण,” मी म्हणालो आणि सुरुवात केली.

तर मंडळी, आमचं गाव लातूर आणि नांदेडच्या बरोबर शिवेवर. इतकं शिवेवर, की आमच्याकडं तूर लातुरात उगवते आणि तिला शेंगा नांदेडात लागतात. आमच्यावर हुकूम कोणत्या जिल्ह्याचा चालतो ते मी सांगणार न्हाई, कारण दुसऱ्या जिल्ह्याला वाईट वाटंल.

मी रामकिशन. ग्रामपंचायतीत अठ्ठावीस वर्षं शिपाई. माझं मोठं काम एकच, ग्रामसभा भरवायची. आता ग्रामसभा कशी भरते ते तुमच्या बी गावात तुम्हाला ठाऊक हाय. ती भरतच न्हाई. माणसं रानात, बाया रानात, आणि कोरम तर पाहिजे. म्हणून सभेकडं माणसं जात न्हाईत, सभाच माणसांकडं येते. मी काखेत रजिस्टर मारायचो, शाईचं पॅड खिशात, आणि घरोघर फिरून अंगठे घ्यायचो. ज्याला सही येते तो सही, बाकीचे अंगठा. वाचायचं कुणी न्हाई. सगळे म्हणायचे, तात्या आलाय म्हंजे ठीकच असंल.

एवढा माझ्यावर भरवसा. तिथंच घात झाला.

दोन सालांखाली जिल्ह्याचं पत्र आलं. पत्रात विषय दोन. पहिला, किराणा दुकानात तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या सुट्या विकू नयेत. हा विषय म्हंजे आमचा गुंडप्पाच. त्याच्या दुकानात बिस्किटाच्या बरणीत गोळ्या असायच्या. पाकिटावरचा तारखेचा तुकडा त्यानं कात्रीनं आधीच उडवलेला असायचा. गोळी पांढरी असली तर तापाची, गुलाबी असली तर कंबरेची.

ह्या विषयावर गाव पेटलं. अर्धे म्हणाले, बंद करा, माणसं मरतील. अर्धे म्हणाले, चालू ठेवा, न्हाईतर डोकं दुखलं तर चाकूरला जायचं काय? ग्रामसेवक राजशेखर भाऊसाहेबांनी माझ्या हातात रजिस्टर दिलं आणि म्हणाले, “तात्या, दोन्ही विषय मंजूर पाहिजेत. परवापर्यंत.”

मी पहिला विषय वाचला. लई मजेचा वाटला. दुसऱ्यापर्यंत माझे डोळे गेलेच न्हाईत.

मग काय, प्रत्येक उंबऱ्यावर मी एकच किस्सा. म्हणालो, गुंडप्पाची गुलाबी गोळी दगडोबाच्या बोकडानं खाल्ली, तर त्याची कंबर राहिली बाजूला, तो कानडीतच बोलायला लागला. आता खाटीक आला की तो त्याला कानडीत शिव्या देतो आणि खाटकाला वाटतं आशीर्वाद देतोय. माणसं पोट धरून हसायची आणि हसता हसता अंगठा टेकवायची. दोन दिवसांत दोनशे अकरा अंगठे.

“दोनशे अकरा?” लक्ष्मीबाई म्हणाल्या. “एकानं बी वाचलं न्हाई?”

“एकीनं विचारलं होतं,” मी म्हणालो.

ती आमच्या घरची. अयोध्या. उखळात शेंगदाण्याची चटणी कुटत बसली होती. तिला दमा. लग्नात आली तेव्हापासूनच, पण साठीनंतर लई वाढलेला. आभाळ आलं, मळणीची धूळ उडाली, की छातीत नुसती शिट्टी वाजायची. पण आम्हाला फिकीर नव्हती, कारण गावात उपकेंद्र होतं. आमच्या दारापासून एकशेचाळीस पावलं. तिथं उज्वला सिस्टर होती आणि तिच्याकडं वाफेचं मशीन होतं. तोंडाला मास्क लावायचा, बटण दाबायचं, औषधाची वाफ छातीत जायची. दहा मिनिटांत बाई चालत घरी. येताना शेजारणीशी भांडून बी यायची.

तर ती म्हणाली, “काय हाय ह्याच्यात?”

“गुंडप्पाच्या गोळ्यांचं हाय.”

“एवढंच? पान तर भरून दिसतंय.”

“सरकारचं लिहिणं तसंच असतं बालाजीच्या आई. दाब अंगठा, मला अजून मांगवाडा बाकी हाय.”

“तुमी वाचलं ना?”

“वाचलं.”

तिनं हात पदराला पुसला आणि अंगठा दाबला. पुसला खरा, पण तिखट राहिलंच. कागदावर निळ्या शाईत तांबडे कण उठले.

इथं मी जरा थांबलो. चहा गार झाला होता. चंद्रप्पा दुसऱ्यांदा तीच काच पुसत होता.

“आन दुसरा विषय काय होता?” लक्ष्मीबाईंनी विचारलं.

दुसरा विषय असा, की गावातल्या उपकेंद्राच्या भिंतीला तडे गेलेत, फाट्यावर नवी इमारत तयार हाय, रस्त्यावर हाय, आजूबाजूच्या पाच गावांना सोयीचं पडंल, सबब उपकेंद्र तिकडं हलवायला ग्रामसभेची हरकत न्हाई. आणि हरकत नव्हतीच की. दोनशे अकरा अंगठे.

दोन महिन्यांनी टेम्पो आला. खाट गेली, लसीचा फ्रीज गेला, वाफेचं मशीन गेलं. गाव गोळा झालं. गुंडप्पा टेम्पोसमोर आडवा झोपला, त्याच्या गोळ्या बी बंद झालेल्या, गावात साधा ताप उतरवायची सोय उरली नव्हती. राजशेखर भाऊसाहेबांनी नुसतं रजिस्टर उघडून धरलं. माणसं आपापला अंगठा ओळखायला लागली. मग एकेकानं माझ्याकडं बघितलं.

कुणी शिवी दिली न्हाई. दिली असती तर बरं झालं असतं. गुंडप्पा उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, “तात्या, बोकडाचं लई झकास सांगितलंस बघ.”

घरी आलो तर अयोध्या म्हणाली, “आता फाट्यापर्यंत चालायला शिकावं लागंल मला.” आणि हसली. हसताना शिट्टी वाजली.

“आता इथून पुढचं ऐका,” मी बैठक बदलत म्हणालो. “इथून पुढचं तर मुळीच पटणार न्हाई.”

मी ते रजिस्टर पळवलं. डोक्यावर घेतलं आणि पायी जिल्ह्याला निघालो. रस्त्यात ते रजिस्टर जड होत गेलं, कारण दोनशे अकरा माणसांचा भार त्यात. कचेरीत गेलो तेव्हा तिघांनी ते खाली उतरवलं. मोठे साहेब म्हणाले, काय तक्रार? मी म्हणालो, साहेब, हे अंगठे गोळ्यांवर दिलेले हायत, उपकेंद्रावर न्हाईत. साहेब म्हणाले, पुरावा? मी अयोध्याचं पान काढलं. म्हणालो, वास घ्या.

साहेबांनी वास घेतला आणि सात वेळा शिंकले. शिंकून झाल्यावर म्हणाले, ज्या बाईनं चटणी कुटता कुटता अंगठा दिला, तिनं हे वाचलेलं न्हाई हे लहान पोराला बी कळंल. हिची ह्यात काही चूक न्हाई. मी म्हणालो, न्हाईच साहेब. मग ते माझ्याकडं वळून म्हणाले, आणि तुझी बी न्हाई, रामकिशन. तू भोळा माणूस. असं म्हणाले. सगळ्या कचेरीसमोर म्हणाले.

“मग?” कुणीतरी विचारलं.

मग काय, मी बोकडाचा किस्सा सांगितला. साहेब इतके हसले, की खुर्चीची चाकं सुटून ते व्हरांड्यात गेले आणि तिथं बसून त्यांनी हुकूम लिहिला, उपकेंद्र आजच्या आज परत. पण टेम्पोवाल्याकडं डिझेल न्हाई. म्हणून मी दगडोबाची म्हैस आणली. पाठीवर मशीन बांधलं, एका शिंगाला फ्रीज, दुसऱ्या शिंगाला खाट, आणि मधी उज्वला सिस्टर छत्री उघडून बसली. नऊ किलोमीटरात म्हैस चार वेळा पाण्यात बसली. सिस्टर पाण्यात बसल्या बसल्या बी लस टोचत होती. अडीच शेर दूध दिलं म्हशीनं त्या दिवशी आणि त्या दुधाला औषधाचा वास.

माणसं हसली. एरवी गोष्ट इथंच संपते. म्हैस गावात पोचते, मी चहाचा शेवटचा घोट घेतो, माणसं उठून ऑटोत बसतात.

पण लक्ष्मीबाई हसल्या न्हाईत. म्हशीचं त्यांनी सोडूनच दिलं.

“आन काकूंचं काय झालं?” त्यांनी विचारलं.

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“झाली बरी,” मी म्हणालो.

“पुरती?”

“पुरती. म्हैस दारात आली तेव्हा ओठ निळे पडले होते तिचे. सिस्टरनं खाली उतरून आधी मास्क लावला. दहा मिनिटांत निळाई गेली. उठून बसली आणि पहिलं काय म्हणाली, म्हशीला पाणी दाखवलं का? आता रोज सकाळी माझ्याआधी उठते. परवा तर शेंदाडाची भाजी केली, माझ्या वाटची बी खाल्ली तिनंच. मला रागावते. म्हणते, फाट्यावर बसून कशाला खोटंनाटं सांगत राहता, घरी बसा माझ्यापाशी.”

बोलता बोलता मला ती दिसायलाच लागली. लाल काठाचं लुगडं, कपाळावर घाम. मी अजून बी सांगत राहिलो असतो.

“म्हंजे ते मशीन गावातच हाय?” लक्ष्मीबाईंनी विचारलं.

“हाय की.”

त्यांनी पिशवीवरची मूठ सोडली. “बरं झालं बाई. माझ्या लेकीला, साक्षीला बी दमाच हाय. परवा फोनवर तिला धड बोलता येईना. सोयाबीनच्या मळणीवर उभी करतेत तिला. सासू म्हणती, रास झाल्याबिगर माहेरी धाडत न्हाई. मी आज भांडून तिला न्यायलाच निघाले होते. पण मशीन जर दारात असंल तर कशाला भांडू? उगं सोयरिकीत वाकडं येतं. राहू दे तिला रास होईस्तोवर.” मग पिशवी उघडून त्यांनी दोन धपाटी काढली आणि वेगळ्या फडक्यात बांधली. “ही काकूंना. लेकीवर लक्ष ठेवा म्हणून सांगते त्यांना. घर कुठं तुमचं?”

“मारुतीच्या पाराला लागून,” मी म्हणालो. तेवढं खरं होतं.

लक्ष्मीबाई उठल्या आणि ऑटोकडं गेल्या.

चंद्रप्पानं फडकं खांद्यावर टाकलं आणि ऑटोच्या दारात आडवा हात धरला.

“मावशी, दहाची वाट बघत न्हाई मी, तुमाला आत्ता नेतो. पण लेकीला घेऊनच परत यायचं. मी तिथं थांबतो. गावात मशीन न्हाई. ते ह्या समोरच्या पिवळ्या इमारतीत हाय, तवापासून इथंच हाय.”

मग तो माझ्याकडं वळला. आवाज चढवला न्हाई त्यानं, पण हॉटेलातल्या सगळ्यांना ऐकू गेलं.

“तात्या, बास करा. खोटं हाय हे. काकू माझ्याच ऑटोत वारल्या, इकडं मशीनकडं आणताना, ओढ्याच्या पुलावर. मी जीव तोडून पळवत होतो, आन तुमी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मागून म्हणत होता, हळू घे चंद्रप्पा, आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा.”