गरम वाटेल

"काका, हे आत काय घातलंय?" सिस्टरने विचारलं आणि सीटी स्कॅनच्या टेबलावर बसलेल्या शिंपीकाकांचे कान लाल झाले.

गाऊनखाली कमरेभोवती काहीतरी जाडजूड फुगलं होतं. धातूचं असलं तर काढावं लागतं, म्हणून विचारायचं. सकाळपासूनचा हा एकोणिसावा पेशंट, तिच्या पायांचे तुकडे पडायचे बाकी होते.

"कापडच आहे. मीच शिवलंय, चार पदरी," काका पुटपुटले. "मागच्या वेळी इथंच माझं... झालं होतं ना."

"काय झालं होतं?"

"आता तोंडाने वदवून घेताय का बाई? ते औषध शिरेत गेलं आणि खाली सगळं गरम गरम! या वयात, पोरीबाळींसमोर! गाऊन ओला लागला. मान खाली घालून कपडे चढवले आणि पळालो."

सिस्टरच्या ध्यानात आलं. त्या औषधाने अंगभर ऊब पसरते, आणि लघवी झाल्यासारखंच वाटतं. होत काही नाही. हे आधी सांगायचं असतं, एवढं एकच वाक्य. बावीस वर्षं सांगून सांगून तिला स्वतःच्याच आवाजाचा वीट आला होता. गर्दीच्या दिवशी कधी अर्धं सांगायची, कधी गिळूनच टाकायची. तिने फाइल उघडली. मागची तारीख अकरा महिन्यांपूर्वीची, सही तिचीच. खाली डॉक्टरांचं अक्षर: तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

काकांची बायको मघाशी दाराशी कुरकुरत होती, "दर वेळी नवं निमित्त हो! कधी गिऱ्हाईक, कधी गुडघा. शेवटी जेवणच बंद झालं, तेव्हा धरून आणलं."

"काका, तुमचं काही झालं नव्हतं," सिस्टर म्हणाली. "तसं नुसतं वाटतं, सगळ्यांनाच. ओलं लागलं तो घाम. मी आधी सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. चूक माझी."

काका बघतच राहिले. "म्हणजे अकरा महिने मी उगाचच तोंड लपवलं?"

सिस्टरने होकारार्थी मान हलवली.

काकांनी ते कापड सोडलं. औषध गेलं तशी ती माइकवरून म्हणाली, "आता गरम वाटेल."

"आलं, आलं!" काका आतून ओरडले आणि चक्क हसायला लागले.

"अहो, हलू नका!"

काचेअलीकडे टेक्निशियन हसला नाही. "ताई, यकृत बघा," तो हळूच म्हणाला. "मागच्या वेळी हे डाग नव्हते."

तिने पाहिलं. बघवेना, तरी पाहिलं.

उठल्यावर काकांनी आधी चादरीवरून तळहात फिरवला, कापड पारखतात तसा. "कोरडं ठणठणीत!" मग ते चार पदरी कापड घडीवर घडी घालून तिच्या हातात दिलं. "असू द्या तुमच्याकडे. शिलाई पक्की आहे. एखाद्याचं खरंच व्हायचं." आणि ताठ मानेने बाहेर गेले. "अगं, ऐकलंस का, गंमतच झाली..." दार लागेपर्यंत त्यांचा आवाज येत होता. मागोमाग त्यांच्या बायकोचं हसू.

विसावी पेशंट, एक बाई, आत आली. बाहेर अजून पंधराजण खोळंबले होते. सिस्टरने ते कापड कपाटात ठेवलं, स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसली.

"घाई नाही," ती म्हणाली. "आधी माझं नीट ऐकून घ्या."