घासलेल्या कडा

गुरुवारी दुपारी केरसुणी घ्यायला काचवाले चर्चच्या अडगळीच्या खोलीत गेले, तर तिसरी काचपट्टी फुटलेली. 

पट्टी म्हणजे बोटभर रुंद, वीतभर लांब असा साध्या काचेचा तुकडा. गायनमंडळ ज्या सज्ज्यावर उभं राहून गातं, त्याची मुख्य तुळई याच खोलीच्या भिंतीत शिरते आणि तिथेच भिंतीला तडा गेला होता. त्या तड्यावर चार पट्ट्या आडव्या बसवल्या होत्या. दोन्ही टोकं प्लास्टरमध्ये पक्की, आणि वर लावल्याची तारीख. तडा थांबलेला असेल तर काच शाबूत राहते. किंचितही सरकला, तर फुटते.

पट्ट्या लावणारी काचवाल्यांचीच मुलगी. इमारतींचे तडे तपासणं हेच तिचं काम. नव्या पाळकांनी तिला बोलावलं नसतं तर ती चर्चची पायरी चढली नसती. सोळाव्या वर्षी रविवारच्या वर्गात तिने विचारलं होतं, "देवाला आपल्याला काय हवंय ते आधीच ठाऊक असतं, तर मग मागायचं कशाला?" वर्ग घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनी सगळ्यांदेखत तिला उभं केलं आणि सांगितलं, इथे प्रश्न चालत नाहीत, विश्वास लागतो. मागच्या बाकावर तिचे वडील बसले होते. ते मूग गिळून बसले. पुढच्या रविवारी पोरगी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. या गोष्टीला सतरा वर्षं झाली.

ती आता दर शनिवारी येत होती, पण मागच्या दाराने, हातात टॉर्च आणि फूटपट्टी घेऊन. पट्ट्या बघायची, वहीत लिहायची, आईने पुढे केलेला चहा उभ्या उभ्या प्यायची आणि निघून जायची. काचवाल्यांच्या मनाने मात्र उचल खाल्ली. तडा थांबावा म्हणून सगळी मंडळी प्रार्थना करत होती. पाच आठवडे काच शाबूत राहिली, तेव्हा त्यांना राहवलं नाही. रविवारी उपासनेत उभं राहून त्यांनी साक्ष दिली, "प्रभूने तडा थांबवला!" मंडळी गहिवरली. म्हाताऱ्याचा हिशेब साधा होता. पोरीला विश्वास नाही, पण डोळे आहेत. थांबलेला तडा तिला स्वतःच्या टॉर्चने दिसेल, मग येईल की नाही पुढच्या दाराने?

आणि चारच दिवसांत काच फुटली. देवाने शनिवारपर्यंतही दम धरू नये, याचा त्यांना खरोखर राग आला.

मग त्यांनी जे केलं ते इतक्या सफाईने केलं, की त्यांनाच नंतर त्याची लाज वाटली. आयुष्यभर खिडक्या आणि तसबिरींना काचा बसवलेला माणूस. फुटकी पट्टी छिन्नीने काढली, वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकली. काच कापायचा हिरा फिरवून नवी कापली, ओल्या दगडावर कडा घासल्या, प्लास्टर भरलं. मुलीच्या अक्षरात जुनी तारीख घातली. प्लास्टर कोरं दिसू नये म्हणून वर चिमूटभर धूळही फुंकली. ‘प्रभू, आता तू धर,’ असं म्हणून खोलीला कडी घातली.

दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. बायकोने विचारलं, तर म्हणाले, दाढ दुखतेय. कवळी बसवलेल्या माणसाची दाढ कशी दुखते, हे तिने विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात ती इतकं शिकली होती.

शनिवारी साडेचारला गाण्याचा सराव होता. मुलगी सहाला येणार होती. काचवाले दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालत होते. बायको गायनमंडळात गायची; नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी ती सज्ज्याच्या जिन्याकडे निघाली. गुडघ्यांमुळे ती आधी निघायची, तेव्हा कुठे इतरांबरोबर वर पोचायची. तिने कठड्याला हात घातला मात्र, काचवाले तेलाची बाटली टाकून धावले आणि त्यांनी तिचं मनगट धरलं.

"अगं, थांब!"

"आता काय? काय विसरले?"

"आज वर नको जाऊस. खालीच गा."

"का? वर काय वाघ बसलाय?"

"तुझे गुडघे..."

"हे गुडघे मी कितीतरी वर्षं वर नेतेय, तेव्हा नाही कळवळा आला." मागे एकवीस माणसं गाण्याची पुस्तकं घेऊन खोळंबली होती. "अहो, सोडा ना. लोक बघतायत. गेल्या रविवारी तुम्हीच सांगितलंत ना, तडा थांबला म्हणून? मग?"

 सांगितलं ते खरं असेल, तर हात सोडायला हवा होता. त्यांनी स्वतःला बजावलं, सोड. बोटं ऐकेनात. तेव्हा त्या माणसाच्या लख्ख ध्यानात आलं, की कचऱ्यात टाकलेल्या त्या फुटक्या काचेवर आपला पुरता भरवसा आहे. गेले दोन दिवस आपण ज्याला विश्वास म्हणत होतो, तो विश्वास नव्हताच, हट्ट होता. आणि त्या हट्टापायी आपण आपल्या बायकोला वर पाठवायला निघालो होतो. 

"तिसरी पट्टी फुटलीय," ते म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाले, "परवा फुटली. मी बदलली. तारीख जुनी घातली. कुणी वर जाऊ नका."

कुणी काही बोलायच्या आत अडगळीच्या खोलीचं दार उघडलं आणि टॉर्च घेतलेली मुलगी बाहेर आली. ती आज लवकर, मागच्या दाराने आली होती.

"माझ्या पट्ट्यांच्या कडा बोट कापतात, बाबा," ती म्हणाली. "मी कधी घासत नाही. आत एक गुळगुळीत आहे. मी ओरडत बाहेर येणारच होते. तुम्ही आधी बोललात."

"कुणाला लागू नये म्हणून... हाताला सवय आहे," काचवाले पुटपुटले.

"हातांना आहे हो काळजी. डोकं कुठे ठेवलं होतं?" तिचा आवाज चढला. "आई वर उभी राहणार होती!"

पेटी वाजवायला बसलेले पाळक उठून आले होते. त्यांनी गायनमंडळाला शांतपणे अंगणात नेलं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर काचवाले मटकन बसले.

"तुझ्यासाठीच केलं गं," ते म्हणाले. "म्हटलं, तडा थांबलेला बघितलास तर परत येशील."

मुलीने टॉर्च बंद केला. "मी कधी चमत्कार मागितला होता का, बाबा? मी एक प्रश्न विचारला होता."

दुसऱ्या दिवशी उपासनेत काचवाले पुन्हा उभे राहिले. कोट तोच, जागा तीच, फक्त मान खाली. झालं ते त्यांनी जसंच्या तसं सांगितलं, बायकोचं मनगट धरल्यासकट.  मग पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "म्हणजे आपली एवढी प्रार्थना वायाच गेली म्हणायची?"

पाळक उत्तर द्यायला उठले, पण काचवाल्यांची बायको त्यांच्या आधी बोलली. "वाया कशी? सज्ज्यावरची माणसं सांभाळ, एवढंच मागितलं ना आपण? त्याने वेळेवर काच फोडून दाखवली. आता माझ्याच नवऱ्याने ती बदलली, त्याला देव तरी काय करणार!"

सगळ्यांत आधी पाळकच हसले. मग मंडळी हसली, आणि काचवाल्यांनी डोळे पुसले. मुलगी तिथे नव्हती. आईने रात्री फोनवर सगळं सांगितलं, तेव्हा ती फक्त "हं" म्हणाली.

सज्जा तीन महिने बंद राहिला. गायनमंडळ खाली उभं राहून गायलं, आणि खालून सूर लागत नाही अशी दर रविवारी तक्रार झाली. तुळईखाली लोखंडी टेकू लागले, भिंत उकलली, नवा पोलादी गर्डर बसला. नव्या पट्ट्यांसाठी मुलीने वडिलांनाच काच कापायला सांगितली.

"कडा घासू की नको?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"घासा. तारीख मात्र मी घालणार."

वजन पेलतं का ते बघायला दोन दिवस सज्ज्यावर वाळूची पोती रचून ठेवली. एकही पट्टी फुटली नाही. मग शनिवारी पोती उतरवली आणि गायनमंडळाला वर जायला सांगितलं. पण जिन्यापाशी सगळे घुटमळले. आधी तू, आधी तू चाललं होतं.  मुलगी सज्ज्याखाली बरोबर मधोमध जाऊन, हाताची घडी घालून उभी राहिली. ते बघून तिची आई पहिली पायरी चढली आणि बाकीचे मागोमाग निघाले.

काचवाले दारातून बघत होते. "तू कशाला तिथे उभी राहतेस?"

"हिशेब मी केलाय. मग दुसरं कोण उभं राहणार?"

"हिशेब चुकला असेल तर?"

"तीनदा तपासलाय. त्याच्यापुढे तपासता येत नाही, बाबा. त्याच्यापुढे उभंच राहावं लागतं."

काचवाले चालत गेले आणि तिच्या शेजारी उभे राहिले. वर बावीस माणसांच्या पावलांचा आवाज झाला, पुस्तकं उघडली गेली. त्यांना भीती वाटत होती, तरी पाय घट्ट होते.

"तू विचारलं होतंस ना," ते वर बघतच म्हणाले, "देवाला ठाऊक असेल तर मागायचं कशाला?"

"सापडलं उत्तर?"

"नाही. रोज मागतो आणि रोज विचारतो. पण त्या दिवशी मी उठून म्हणायला हवं होतं, की माझ्या पोरीचा प्रश्न चांगला आहे."

मुलीने मान फिरवली.  तिने वडिलांच्या कोटाची बाही धरली, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तशी.

वर गाणं सुरू झालं. तिने लहानपणी आईशेजारी उभं राहून पाठ केलेलं होतं ते. दुसऱ्या कडव्याला तिने खालूनच आईचा सूर धरला.