कोणाला कळवायचं

धाकटीला या ऑफिसात मीच चिकटवलं. साहेबांकडे मी शब्द टाकला, आणि वर्षभरात माझी सख्खी बहीण माझ्याच डोक्यावर मिरे वाटायला लागली.

आमचं सॉफ्टवेअर रक्त तपासणाऱ्या लॅब वापरतात. बिघाड झाला की लॅबवाले तक्रार नोंदवतात. ती कोणाकोणाला मेलने कळवायची, हे नऊ वर्षं मी ठरवत आले. कुठला कोड कोणी लिहिलाय, कोण रजेवर आहे, कोणाच्या दोनदा मागे लागावं लागतं, सगळं मला तोंडपाठ. रोज सकाळी बसून एकेका तक्रारीवर नावं चढवायची. अडलं की सगळे म्हणायचे, "ताईंना विचारा."

धाकटीने दोन आठवड्यांत एक स्क्रिप्ट लिहिली. तक्रार आली की ती त्यातले शब्द बघते, माणसं शोधते आणि मेल पाठवून मोकळी होते. "ताईंचं अर्ध्या दिवसाचं काम दोन सेकंदांत!" साहेब म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. नाकाला अशा मिरच्या झोंबल्या होत्या म्हणून सांगू! त्यात महिनाअखेरीस टीमचा प्रमुख निवडायचा होता. ती खुर्ची माझी होती. हो, माझीच!

"ताई, कुठल्या शब्दाला कोणाला मेल जाते, ते नियम एकदा नजरेखालून घालतेस?" धाकटी दोनदा विचारायला आली.

"तू एवढी हुशार, तुझं तू बघ."

वर तिच्या स्क्रिप्टची प्रत्येक मेल न उघडता थेट कचऱ्यात जाईल, अशी सोय करून ठेवली. रोज उठून तिचं कौतुक कोण बघणार?

दहा दिवसांनी एका लॅबचा फोन आला. दोन पेशंटच्या बाटल्यांवर एकमेकांची लेबलं छापली गेली होती. नर्सच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. असंच होतंय अशी तक्रार त्यांनी चार दिवस आधीच केली होती, आणि आमच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. साहेबांनी तडक मीटिंग बोलावली.

खोटं कशाला बोलू, मला मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या. "मशीनला काय कळणार माणसांतलं," असं मी ऐकवलंसुद्धा.

धाकटीने भिंतीवरच्या पडद्यावर मेलच्या नोंदी उघडल्या आणि चटकन बंद केल्या. साहेब फोनमध्ये बघत होते. मी मात्र वाचलं होतं. त्या तक्रारीतला एकही शब्द नियमांत बसत नव्हता, आणि काहीच जुळलं नाही तर कोणाला कळवायचं, तिथे माझं नाव होतं. चार दिवसांपूर्वी मेल मलाच आली होती.

"चूक माझी आहे. नियम अपुरे पडले," धाकटी म्हणाली.

"बंद करा ते खूळ," साहेब म्हणाले. "उद्यापासून पुन्हा ताई बघतील. आणि प्रमुखही त्याच."

मिळाली खुर्ची! आणि माझं डोकं असं सणकलं! म्हणजे मोठेपणाही हिनेच मिरवायचा? मी जन्मभर हिचे उपकार घेऊन त्या खुर्चीत बसायचं?

"मेल मला आली होती," मी तडकून म्हणाले. "मी वाचलीच नाही. हिची प्रत्येक मेल मी कचऱ्यात टाकते."

साहेब उठून गेले. मागोमाग बाकीचेही पांगले. धाकटी वायर गुंडाळत बसली. आता ही भांडेल, चार शब्द सुनावेल, म्हणून मी तयारीत उभी होते.

"बाकीच्या नावांवर मी दोन आठवडे डोकं खपवलं," ती मान वर न करता म्हणाली. "तुझं नाव घालताना मला विचारच करावा लागला नाही, ताई."