कलकत्त्याचं फूल

कलकत्त्याहून आणलेलं ऑर्किड दोन वर्षं फुललं नाही, आणि त्याला कारण माझा हात, असं आमच्या शेठाणीनं ठरवून टाकलं. सुरतेत तिच्या शेठचे चाळीस माग होते, बंगला होता. अक्कल तेवढी कुठे दिसत नव्हती.

मी बंगल्यावर केर-फरशी करायची. झाड पाहून मला हसूच आलं. आमच्या नवापूरच्या रानात आंब्याच्या फांदीफांदीवर हीच सीतेची वेणी लोंबते, मुळं हवेत सोडून. शेठाणीनं तिला पितळी कुंडीत, काळ्या मातीत गळ्यापर्यंत पुरलं होतं. वर शेण, आणि दर सोमवारी दूध!

"शेठाणी, ये पेड पे उगता है. मातीतून काढा," मी म्हटलं.

"तने शुं खबर पडे? तुम लोगों का हाथ लगता है, इसीलिए फूल नहीं आता."

आम्ही बौद्ध, एवढंच तिला झाडाबद्दल ठाऊक होतं. मुळं कुजली तशी तिनं मला कामावरून काढलं आणि जाताना कुंडी उकिरड्यावर टाकायला सांगितली. तेव्हा मात्र तिला माझा हात चालला.

मी कुजकी मुळं कापली, झाड नारळाच्या सोडणावर सुताच्या तुकड्यांनी बांधलं आणि शेठच्याच खात्याच्या, म्हणजे मागांच्या कारखान्याच्या, खिडकीत टांगलं. माझे घरधनी भगवंत तिथे माग चालवायचे. सूत तुटू नये म्हणून तिथे दिवसातून चारदा जमिनीवर पाणी मारतात. त्या ओलाव्यावर झाड जगलं. भगवंतांचा डबा द्यायला गेले की मी मुळांवर पाणी शिंपडायची.

दुसऱ्या जेठात हातभर गुलाबी वेणी लोंबली. नेमकी त्याच दिवशी शेठाणी नव्या मागाची पूजा करायला आली.

"अरे, ये तो मेरा है! गाडी में रखो. घर जाके गंगाजल छिड़क देंगे, चलेगा."

माझं डोकंच फिरलं. मी सरळ हात घातला, वेणी देठापासून खुडली आणि सगळ्यांसमोर अंबाड्यात माळली, माझी आई माळायची तशी.

"तुनं डोकं फिरनं का वं?" भगवंत पुटपुटले. त्यांची नोकरी जाणार, हे मलाही कळत होतं.

मी रिकामं झाड शेठाणीपुढे धरलं.

"घ्या. आता छिड़को गंगाजल."

तिनं हात पुढे केला नाही.