पारूचा फोटो

मुलांनो, डोळे मिटा बरं. तुम्ही एका स्टुलावर बसला आहात. मागे पांढरा पडदा आहे, समोरच्या दिव्याने डोळे चुरचुरताहेत आणि कोणीतरी सांगतंय, "हसू नका. पदर मागे घ्या. कान दिसू द्या."

सांगणारे भगवंतकाका. सालवडच्या एका गाळ्यात गेली तीस वर्षं ते कामगारांच्या गेटपाससाठी फोटो काढत आले. आज स्टुलावर होती बेटेगावच्या पुढच्या पाड्यावरची पारू. उद्या पहाटे ती वीटभट्टीवर निघणार होती, ती थेट पावसाळ्याच्या तोंडाशी परतणार. लेक स्वाती आश्रमशाळेत राहणार. तिच्या पेटीत ठेवायला आईचा फोटो हवा होता. घरी एकही नव्हता.

फोटो छापून आला. स्वातीने पाहिला आणि बाजूला सरकवला.

"ही माजी आय नाय."

"मग काय माझी आई आहे?" काका म्हणाले.

पारूने वाकून पाहिलं. "खरं हाय, भाऊ. पोलिसानं धरून आणल्यावानी दिसते मी."

काकांनी फोटो पुन्हा निरखला. डोळे, नाक, दोन्ही कान. चूक कुठेच नव्हती. हजारो माणसं त्यांनी अशीच बसवली होती. त्यांच्या घरच्यांना ती ओळखू आली असतील का, हे त्यांच्या मनात आजच आलं.

त्यांनी दिवा विझवला आणि कॅमेरा स्वातीच्या गळ्यात अडकवला. "तुझी आई कुठे दिसते, ते तूच शोध. घाई नाही. हे बटण."

पारू बाहेर पायरीवर टेकली. तिने फडकं सोडून नागलीची भाकर काढली. दुपारचं ऊन रस्त्यावरच्या धुळीतून गाळून येत होतं. त्यात सगळंच पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं. टपरीवरच्या चहाची वाफ, दोरीवर वाळणारे कामगारांचे निळे शर्ट, पारूच्या बांगड्या. कॅमेऱ्याला डोळा लावून स्वाती त्यातून हळूहळू फिरत राहिली.

"काय शोधतेस गो एवढं? आदी खा," म्हणत पारूने तुकडा पुढे केला.

खट्.

काकांनी तो फोटोही छापला. पुढे आईचा भलामोठा हात, बोटांत भाकरीचा तुकडा. मागे हसरा चेहरा, पण पुसट.

"चेहरा नीट आला नाही गं," काका सवयीने म्हणाले. "परत काढूया?"

स्वातीने नकारार्थी मान हलवली. तिने फोटो दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरला आणि फोटोतला घास घ्यायला तोंड उघडलं.