नाताळचे काटे

गोरगीस म्हाताऱ्याचा हट्ट इराकमधल्या, निनवेच्या मैदानातल्या त्या गावाला चांगला ठाऊक होता. काळ्या झेंड्यांवाले आले, चर्च जाळून गेले, बायको निर्वासितांच्या छावणीत वारली. तरी हा बाबा परतला आणि त्याच पडक्या घराला चुना फासत बसला. आता मुलगा सरमद बायकापोरांना घेऊन ऑस्ट्रेलियाला निघायचं म्हणत होता.

"तुम्ही हलणार नाही आणि तुम्हाला टाकून माझा पाय निघत नाही," सरमद वैतागून म्हणाला. "मग काय, सगळ्यांनी इथंच मरायचं?"

"काट्यांना विचारू. जळून राख झाली तर थांबायचं. नाही झाली तर तुम्ही खुशाल निघा, मी अडवणार नाही."

"आणि तुम्ही?"

"माझं मी बघीन."

नाताळच्या संध्याकाळी घरातल्या लहानग्यानं येशूजन्माची कथा वाचायची आणि मग अंगणात काटेरी झुडपांचा ढीग पेटवायचा. सगळा जळला तर वर्ष सुखाचं, उरला तर घरावर संकट. शेवटी राखेवरून उड्या मारून मनात काही मागायचं. वाडवडलांपासून हेच चालत आलेलं.

"पळून गेलो त्या वर्षी काटे काय सुरेख जळले होते, आठवतंय ना?" सरमदनं टोमणा मारला.

म्हाताऱ्यानं काटे आठवडाभर उन्हात वाळवले होते. शिवाय रॉकेलचा डबाही दडवून ठेवला होता. देवाला थोडी मदत केली तर बिघडलं कुठं? हे घर पुन्हा रिकामं झालेलं त्याला बघवणार नव्हतं.

सकाळपासून पूर्वेकडे धडाड धडाड चाललं होतं. कोण कुणावर डागतंय, कुणालाच पत्ता नव्हता. दुपारी म्हातारा डबा काढायला आतल्या खोलीत गेला, तर नात शमीरान पलंगावर झोपलेली. अंगात जाकीट, पायात बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या. त्यानं हलकेच नाडी सोडायला घेतली, तशी ती दचकून उठली.

"नका काढू, आजोबा. पळताना घालायला वेळ मिळत नाही."

"कुणी सांगितलं तुला हे?"

"कुणी नाही. आईपण तशीच झोपते."

सून नहरीन दारातच उभी होती. तिनं मान खाली घातली. पोर जन्मली छावणीत, पळापळ तिनं कधी बघितलीसुद्धा नव्हती.

डबा म्हाताऱ्यानं उचललाच नाही. टाकीतून बादलीभर पाणी काढलं, आडोशाला जाऊन वाळलेल्या काट्यांवर ओतलं, मग दुसरी बादली ओतली. रडत होता तो, हुंदके देऊन.

अंधार पडताना सगळे मेणबत्त्या घेऊन अंगणात जमले. शमीरान बोट ठेवून वाचत होती. देवदूत मेंढपाळांना शांतीचा निरोप देतात तिथं ती आली आणि लांब कुठंतरी पुन्हा धडाडलं. ती थांबली. मग तीच ओळ तिनं पहिल्यापासून वाचली, जरा मोठ्यानं.

सरमदनं काडी लावली. ढीग चरचरला, डोळ्यांत पाणी आणणारा धूर झाला, चार काटक्या जळल्या आणि विझलं. खरं तर सरमदला बरं वाटायला हवं होतं. त्याचा चेहराच पडला.

"बाबा, पुन्हा पेटवू का?"

"एकदाच पेटवायचे असतात."

नहरीननं एक काटकी उचलून बोटांनी चाचपली. "पाऊस तर नव्हता," ती हळूच म्हणाली.

"दव पडलं असेल."

"इतकं दव?"

"सूनबाई, खजूर भरलेली किलेचा बिस्किटं आण. पोर उपाशी आहे."

ती आत गेली नाही. वाकून तिनं त्याच्या हाताचं चुंबन घेतलं आणि बराच वेळ हात सोडला नाही.

"राख झालीच नाही, मग उड्या कशावरून मारायच्या?" शमीराननं विचारलं.

"जे उरलंय त्यावरून. तीन उड्या, आणि मनात मागायचं."

ती उडाली. मग सरमदचा हात धरून म्हाताऱ्यानंही कशाबशा तीन उड्या मारल्या.

"काय मागितलंत, आजोबा?"

"तिकडं गेल्यावर तू बूट काढून झोपावंस."

ती त्याच्या पायांकडे बघत राहिली. "आणि तुमचे बूट?"

"माझे असू देत पायात, इथं लागतील," म्हातारा म्हणाला.