एका ओळीची दुरुस्ती

ताईने खुर्ची मुद्दाम मागे ओढून घेतली. तिथून धाकटीचा स्क्रीनही दिसत होता आणि साहेबांचा चेहराही.

ऑफिसात सगळेच तिला ताई म्हणत. डेटाबेसमधून माहिती आणून देणारा सगळा कोड तिने हाताने लिहिला होता, तेव्हा तिची धाकटी बहीण शाळेत होती. त्याच धाकटीला तिने शब्द टाकून इथे चिकटवलं, आणि आता तीच म्हणत होती की या कामासाठी तयार टूल मिळतं, जुना कोड काढून तेच बसवू. साहेबांनी दोन्हींची चाचणी लावली. ताईचा जळफळाट मात्र आधीपासूनचा. अडलेली मंडळी तिच्याऐवजी धाकटीच्या टेबलाशी जमायला लागली, तेव्हापासूनचा.

ताईच्या कोडने ग्राहकांची यादी पापणी लवते न लवते तोच आणली. धाकटीची येता येईना.

चूक ताईला कालच दिसली होती. यादीतल्या प्रत्येक ग्राहकाच्या ऑर्डरसाठी टूल डेटाबेसकडे वेगळे खेटे घालत होतं. सगळं एकदम आण, एवढं एका ओळीत सांगितलं की भागत होतं. पण ताई मूग गिळून बसली. आपटू दे एकदा तोंडावर.

"टूलच संथ दिसतंय," साहेब म्हणाले. "ताईंचंच राहू दे."

धाकटीचा चेहरा एवढासा झाला. शेजारच्या टेस्टरने तिची समजूत काढली, तीही ताईला ऐकू जाईल अशी. म्हणाला, ताईंना तरी विचारून काय उपयोग, हे नवीन, त्यांना यातलं काय कळणार.

ते ताईला झोंबलं. ती उठली, धाकटीला बाजूला सारून तिने एक ओळ लिहिली आणि बटण दाबलं. यादी झटकन आली. टेस्टर खाली बघू लागला. ताईला फार बरं वाटलं.

"मग प्रश्नच मिटला," साहेब खूश होऊन म्हणाले. "हेच घेऊ. उद्या कुणालाही सांभाळता येईल."

ताईचा हात कीबोर्डवर तसाच राहिला.

संध्याकाळी जिना उतरताना धाकटीने तिचा दंड धरला.

"मला वाटलं होतं, तू माझ्यावर जळतेस."

"जळतच होते."

धाकटी हसली. तिला ती थट्टा वाटली. मग चाचरत तिने विचारलं,

"तुझा कोड मी काढू, की तू काढशील?"

"मीच काढते," ताई म्हणाली. "तुला नाही सापडायचा सगळा."